बदकानं उडवलेली घाबरगुंडी

माणसाच्या मनातली भीती कशी घालवायची, हे मला विचारा! थट्टा नाही. माझी बायको दातांची डॉक्टर, आणि मी तिच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत टेबलामागे बसतो. येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्यासमोर येतो, आणि येतो तेव्हा त्याची पाचावर धारण बसलेली असते. आत ती दात सांभाळते, बाहेर मी धीर सांभाळतो. बायको म्हणते, "अहो, तुम्ही फक्त नंबर पुकारा." पण नवऱ्याच्या गुणांची कदर कुठल्या घरात झालीय?

दवाखाना नवा. दोनच खोल्या. मधल्या दाराला दुधी काच. तिच्यातून दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. आतलं ते बारीक यंत्र 'झुंईं' करून सुरू झालं की बाहेरच्या बाकावरचे चेहरे बघवत नाहीत. कोणाला घरी गॅस चालू राहिल्याची आठवण होते, कोणाची दाढ तिथल्या तिथे बरी होते. एक गृहस्थ तर "चपला जरा नीट ठेवून येतो" म्हणून गेले, ते अजून ठेवताहेत!

अशानं दवाखाना चालायचा कसा? मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून बायकोनं तो हौसेनं काढलेला. आता एकच आशा उरली होती. समोरच्या शाळेला सगळ्या मुलांचे दात तपासायला कायमचा डॉक्टर हवा होता. मुख्याध्यापिका शनिवारी सकाळी नातीला घेऊन स्वतः बघायला येणार होत्या. त्यांचा निरोप एवढाच होता, मुलं घाबरणार नाहीत अशी जागा हवी.

"जमलं तर दवाखाना राहील," बायको म्हणाली, "नाही जमलं तर कुलूप लावायचं आणि मी परत नोकरी धरायची. शनिवारी तिथे कोणीही घाबरता कामा नये. कळलं?" बोलताना तिचा आवाज जरा कापला. ती कधी घाबरत नाही हो!

"तू निर्धास्त राहा!" मी छातीवर हात मारून म्हणालो.

भीतीवर उपाय म्हणजे मन रमवणं. मी तडक पुस्तकांच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "लहान मुलांचं असं पुस्तक द्या की हातात घेतलं की माणूस आजूबाजूचं सगळं विसरला पाहिजे."

दुकानदारानं पिवळ्या मुखपृष्ठाचं एक पुस्तक काढलं. वर एक म्हातारी होडी, तिच्यात एक गुबगुबीत बदक. "हे न्या. एकदा हातात धरलं की शेवटचं पान उलटेपर्यंत कोणी जागचा हलत नाही."

जागचा हलत नाही! मला आणखी काय हवं होतं? पहिली चार-पाच पानं मी तिथेच चाळली. बदक होडीच्या काठावरून घसरतं आणि तोंडावर चिखलात आपटतं. खदाखदा हसलो. लगेच बाकावरच्या प्रत्येकाला एकेक पुरेल इतक्या प्रती बांधून घेतल्या. पुढची पानं वाचली नाहीत. लहान मुलांचं पुस्तक, त्यात पुढे होऊन होऊन काय होणार?

शनिवार उजाडला. आत एक बँकेतले कॅशियर खुर्चीत आडवे होते. बाहेर पहिले आले ते ट्रकड्रायव्हर. दारातून आत येताना तिरकं व्हावं लागेल असा देह, मिशा अशा की बघणाऱ्यानं दोन पावलं मागे सरावं. दात फक्त साफ करून घ्यायला आले होते. मी त्यांच्या हातात बदक ठेवलं.

"हे काय, पोरांचं पुस्तक?"

"वाचा तर, दादा! वेळ मजेत जाईल."

ते वाचायला लागले. आधी हसले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग गप्प झाले. मग नाक ओढल्याचा आवाज आला. बघतो तर तो पहाडासारखा माणूस गालाला हात लावून हमसून हमसून रडतोय!

मी पाण्याचा ग्लास घेऊन धावलो. "दादा, घाबरू नका हो! अजिबात दुखत नाही!"

"दुखतंय, साहेब!" ते म्हणाले. "फार दुखतंय!"

नेमक्या तेव्हाच शिवणकाम करणाऱ्या काकू दार ढकलून आत आल्या. त्यांची दाढ ठणकत होती. रडणारा ड्रायव्हर बघून त्या उंबऱ्यातच थिजल्या.

"अगं बाई! काय केलंत हो यांना?"

"अजून काहीच नाही केलं, काकू!"

"काही न करता हे हाल? मग केल्यावर काय होईल?" काकू मागच्या मागे वळल्या.

मुख्याध्यापिका कोणत्याही क्षणी येतील, आणि त्यांच्यासमोरून एक पेशंट पळत सुटला तर संपलंच सगळं! मी काकूंना दंडाला धरून बसवलं. त्यांना शांत करायला काहीतरी हवं होतं. मी काय केलं असेल, सांगा बघू. त्यांच्याही हातात बदक दिलं!

काकू भरभर वाचणाऱ्या निघाल्या. थोड्याच वेळात ओढणीचा बोळा तोंडात कोंबून त्याही स्फुंदायला लागल्या. "एवढीशी जान," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "आणि केवढी ती माया!"

"मी तर पोरीला कधी मांडीवर घेऊन बसलोसुद्धा नाही, काकू," ड्रायव्हर म्हणाला. दोघांचा सूर एकत्र लागला.

हा काय प्रकार आहे, मला कळेना. इतक्यात आतलं दार उघडलं आणि कॅशियर बाहेर आले. दाढ काढलेली, अर्धा जबडा बधिर, ओठ एका बाजूला लोंबलेला. समोर दोन अनोळखी माणसं आपल्याकडे बघून रडताहेत! त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आँ? आआ आआं?" ते मला विचारू लागले. म्हणजे, मला काय झालंय? डॉक्टरांनी यांना काय सांगितलंय?

"तुम्हाला काही झालेलं नाही!" मी म्हणालो. पण माझाच आवाज इतका थरथरत होता, की त्यांनी बरोबर उलटा अर्थ घेतला. धपकन बाकावर बसले आणि अर्ध्याच तोंडानं भोकाड पसरलं!

ते ऐकून बायको बाहेर आली. तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि घाईत ठेवायचा राहिलेला चिमटा. "अहो, कोण रडतंय?"

मी बाकाकडे बोट दाखवलं. तिचे डोळे मास्कच्या वर विस्फारले. आणि मुख्याध्यापिका आत आल्या त्या नेमक्या याच क्षणी!

त्यांनी रडणारा ड्रायव्हर बघितला, रडणाऱ्या काकू बघितल्या, तोंड वाकडं झालेले कॅशियर बघितले, चिमटा बघितला. नातीचा हात घट्ट धरला. "चल गं," त्या म्हणाल्या.

डोळ्यांपुढे दवाखान्याचं कुलूप दिसायला लागलं. मी टेबलावरून उडी मारली की काय केलं, आठवत नाही, पण दोन्ही हात पसरून दारात उभा राहिलो आणि किंचाळलो, "कोणी बाहेर जायचं नाही!"

"आम्हाला डांबून ठेवताय?" बाई कडाडल्या.

"नाही, बाई, नाही! ते घाबरून नाही रडत! ते... ते..." माझं त-त-प-प व्हायला लागलं.

"बाई, बदकामुळे," ड्रायव्हरनं पुस्तक वर केलं.

बाईंनी इतक्या वर्षांच्या नोकरीत ऐकलेल्या सगळ्या थापा त्यांच्या चेहऱ्यावर उमटल्या. "मोठी माणसं बदकामुळे रडताहेत? आणा इकडे!" उभ्या उभ्याच त्यांनी वाचायला सुरुवात केली.

मी अजून दार अडवूनच उभा. बायको माझ्याकडे एकटक बघत होती. मी मनापासून प्रार्थना केली, एका सभ्य बाईला रडू फुटावं म्हणून! पण बाईंनी पानं उलटली ती पेपर तपासावेत तशी. शेवटचं पान मिटलं. डोळे कोरडे ठणठणीत.

"यात रडण्यासारखं काय आहे?"

संपलं! बायकोनं मान खाली घातली. तिच्याकडे बघून मला खरंच रडू यायला लागलं, आणि माझ्याकडे तर पुस्तकाचंही निमित्त नव्हतं.

तेवढ्यात नातीनं विचारलं, "आजी, बदकाचं काय झालं?"

"काही नाही गं," बाई सांगू लागल्या. "होडी म्हातारी होती, तिला भोक पडलं. ती बुडू नये म्हणून तिचं लाडकं बदक त्या भोकावरच बसून राहिलं. थंडी आली, सगळी बदकं उबेच्या देशाला निघाली, पण हे काही उठेना. मग होडी त्याला म्हणाली, ऊठ बाळा, जा तू..."

"आणि होडी?"

"होडी म्हणाली, माझी काळजी करू नकोस, मला... मला तळ बघायचाच होता..." आणि बाईंचा आवाज फुटला! त्या ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसल्या. ड्रायव्हरनं सरकून जागा दिली, काकूंनी ओढणीचं दुसरं टोक पुढे केलं. कॅशियरनी तेवढ्यात प्रत उघडून बघितली. आपल्याला काही झालेलं नाही, हे त्यांना आता कळलं होतं. पण बदकाचं कळल्यावर ते नव्यानं सुरू झाले!

मी इकडे तिकडे बघितलं. नात कुठाय? आतल्या खोलीत डोकावलो, तर काय! पोरगी स्वतःहून खुर्चीत चढून बसलेली, मोठ्ठा 'आ' केलेला, आणि बायको हसत हसत तिचे दात तपासतेय! रडणं नाही, घाबरणं नाही. मी कॉलर ताठ केली. ही पुस्तकाची किमया! म्हणजे पर्यायानं माझी!

नंतर बाई डोळे पुसून उठल्या. नातीला जवळ घेऊन बायकोला म्हणाल्या, "डॉक्टर, शाळेची सगळी मुलं तुमच्याकडेच येतील. माझी पोर परक्या घरात पाऊल टाकत नाही, ती आपणहून तुमच्या खुर्चीत बसली!"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं तर पुस्तक उघडलंही नव्हतं. मी नम्रपणे पुढे झालो. "अगं बेटा," मी नातीला विचारलं, "आत जायला अजिबात भीती नाही वाटली?"

ती आजीच्या मागे लपली. तिथूनच म्हणाली, "भीती बाहेर वाटत होती. हे काका ओरडले ना! आजीनं हात सोडला तशी मी आत पळाले."

ड्रायव्हरसुद्धा रडायचा थांबला.

"तेवढी एक अट राहिली, डॉक्टर," बाई घसा साफ करून म्हणाल्या. "मुलं ज्या दिवशी येतील, त्या दिवशी तुमच्या यजमानांना घरी ठेवाल का?"

बायको लगेच हो म्हणाली. निदान विचार केल्यासारखं तरी दाखवायचं!