सिग्नलची शिकवणी

धाकट्या लेकीचं लग्न झालं आणि पाठोपाठ हवालदार निवृत्त झाले, त्या वर्षाची ही गोष्ट. लेक लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली ती हातात टोपली घेऊनच. टोपलीत एक कान उभा आणि एक कान पडलेला, असं तपकिरी कुत्र्याचं पिल्लू होतं. "मी नाही तर घर खायला उठेल तुला," असं म्हणून तिने टोपली आईच्या मांडीवर ठेवली आणि संध्याकाळी परत सासरी गेली.

हवालदारांनी एकतीस वर्षं एकाच चौकात उभं राहून वाहतूक सांभाळली होती. त्यांनी पिल्लाचं नाव 'सिग्नल' ठेवलं. त्यांच्या बायकोला सगळी इमारत काकू म्हणायची. काकूंना चौथ्याच दिवशी नाव चुकल्यासारखं वाटू लागलं. सिग्नल चौकातच असतो, हा कुठेही मोकळा व्हायचा. पायपुसण्यावर झालं, हवालदारांच्या उजव्या बुटात झालं, मग डाव्याला वाईट वाटू नये म्हणून डाव्यात झालं. घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि जमीन लाकडी फळ्यांची होती. दोन फळ्यांमध्ये जिथे बोटभर फट होती, नेमकी तीच जागा सिग्नलला पाचव्या दिवशी आवडली.

खालच्या मजल्यावर मालकीणबाई राहत. दहा मिनिटांत त्या हातात बशी घेऊन दारात उभ्या राहिल्या. जाडजूड बाई, एक जिना चढल्या तरी धाप लागायची.

"हवालदार, माझ्या बशीत वरून काहीतरी पडलं."

"पाणी असेल, बाई."

"चाखून बघायचं तेवढं राहिलंय. बघता का तुम्ही?"

हवालदारांनी बशीकडे पाहिलं आणि टोपी काढावी तसा डोक्यावरून हात फिरवला.

"आज पंधरा तारीख," मालकीणबाई म्हणाल्या. "पुढच्या पंधराला मी येणार आणि या खुर्चीत अर्धा तास बसणार. तेवढा वेळ जमीन कोरडी राहिली तर कुत्रं राहील. नाही राहिली तर त्याच दिवशी कुत्रं जाईल."

"तो शिकेल, बाई. ऐकणारा आहे," काकू म्हणाल्या.

"माझा मुलगा माझं ऐकत नाही. भाडेकरू ऐकत नाहीत. नळ दुरुस्त करणारा तर ऐकतच नाही. कुत्रं कशाला ऐकेल?" एवढं बोलून त्या बशी तिथेच ठेवून निघून गेल्या.

त्या दिवशी काकूंनी ताट तसंच झाकून ठेवलं. सिग्नल त्यांच्या पावलांवर डोकं टेकून झोपला होता.

"एवढं काय मनाला लावून घेतेस? कुत्रंच आहे," हवालदार म्हणाले.

"पोरगी गेल्यापासून मी दिवसभर कुणाशी बोलत होते ठाऊक आहे? फ्रिजशी."

"मी असतो की घरी."

"म्हणूनच."

हवालदार उठले, कपाट उघडलं आणि नोकरीतली पितळी शिट्टी काढून शर्टाच्या टोकाने पुसली. "माझ्यावर सोपव," ते म्हणाले. "एकतीस वर्षांत माझ्या शिट्टीला न थांबलेला एकच निघाला, आणि त्याचे ब्रेक फेल झाले होते."

दुसऱ्या दिवशी दाराच्या आत पुठ्ठ्यावर लिहिलेलं वेळापत्रक लागलं. पहाटे पाचपासून दर दोन तासांनी सिग्नलला खाली न्यायचं, कोपऱ्यावरच्या झाडाखाली उभं करायचं आणि शिट्टी वाजवायची. मालकीणबाई जिना मेणाने घासून आरशासारखा ठेवत. त्यावर पिल्लाचे पाय घसरायचे आणि घाबरून व्हायचं ते जिन्यातच व्हायचं, म्हणून हवालदार त्याला कडेवर घेऊन उतरत आणि कडेवर घेऊन चढत. दिवसाला आठ खेपा. पिल्लू दूध पिऊन फुगत चाललं होतं.

पण झाडाखाली सिग्नल नुसता शिट्टीकडे बघत राहायचा, पडलेला कान उचलायचा आणि शेपटी हलवायचा. घरी आला की फटीपाशी जाऊन मोकळा व्हायचा.

"त्याला शिट्टीचा अर्थच कळत नाहीये," चौथ्या दिवशी हवालदार म्हणाले. "नव्या शिपायाला आधी करून दाखवावं लागतं. वरिष्ठाने उदाहरण घालून द्यायचं असतं."

"म्हणजे कसं?" काकूंनी विचारलं आणि लगेच विचारल्याचा पश्चात्ताप केला.

त्या दिवसापासून हवालदार संडासात जाताना सिग्नलला बरोबर नेऊ लागले. दार अर्धं उघडं ठेवायचं, पिल्लाला उंबऱ्यावर बसवायचं, आधी जोरात शिट्टी मारायची आणि मग कामाला लागायचं. सिग्नल मान तिरकी करून सगळं लक्षपूर्वक बघायचा. हवालदारांनी टाळाटाळ केली नाही. दर दोन तासांनी, शिट्टी आणि उदाहरण. त्यासाठी ते तांब्यावर तांब्या पाणी पीत. शेजारच्या शिंपिणीने काकूंना दारात गाठून हळूच विचारलं, "काकू, तुमच्याकडे आत गाडी वळवतात का?"

दहाव्या दिवशी झाडाखाली शिट्टी वाजली आणि सिग्नल बसून मोकळा झाला. पुन्हा दोन तासांनी वाजली, पुन्हा बसला. हवालदार जिना चढून आले ते छाती पुढे काढून. "बघितलंस? ड्युटीवर घेतला त्याला."

काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी बटाटे उकडायला कुकर लावला.

कुकरची पहिली शिट्टी झाली आणि स्वयंपाकघराच्या मधोमध सिग्नल बसला. दुसरी झाली, तो दोन पावलं सरकून पुन्हा बसला. तिसरी फ्रिजपाशी झाली. चौथ्या शिट्टीला त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं, तरी हुकूम म्हणून तो बसला आणि अपराधी चेहऱ्याने हवालदारांकडे बघू लागला.

"अहो, हा शिकला खरा," फडकं पिळत काकू म्हणाल्या, "पण जरा जास्त शिकला."

कुकर माळ्यावर गेला. बटाटे पातेल्यात उकडू लागले, जेवण दोनऐवजी साडेतीनला होऊ लागलं. वरच्या मजल्यावरचा रंगारी काम करताना शिट्टी वाजवून गाणी म्हणायचा. हवालदार त्याला भेटून आले आणि तो गुणगुणू लागला. ते त्याला मुळीच जमत नव्हतं, पण जमीन कोरडी राहत होती.

खरी पंचाईत चौकात झाली. हवालदार सिग्नलला घेऊन आपल्या जुन्या चौकात गेले होते. रस्ता अर्धा ओलांडला, तोच त्यांच्या जागी आलेल्या नव्या शिपायाने शिट्टी मारली. सिग्नल रस्त्याच्या मधोमध बसला. समोरून दुधाचा टँकर येत होता, तो थांबला. त्यामागे बस थांबली. गोंधळ बघून शिपायाने आणखी जोरात शिट्टी मारली, आणि उठायला लागलेला सिग्नल पुन्हा बसला.

"साहेब, कुत्रं हलवा," शिपाई धावत आला.

"तू शिट्टी थांबव, कुत्रं आपोआप हलेल."

"शिट्टी थांबवली तर गाड्या हलतील, साहेब."

हे अगदी बरोबर होतं. हवालदारांनी पिल्लाला उचलून काखोटीला मारलं, आणि तेव्हा पोटात उजव्या बाजूला खालच्या अंगाला काहीतरी सटकन सरकलं. तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. शिपायाला बाजूला घेऊन त्यांनी पंधरा तारखेचं सगळं सांगितलं. शिपाई भला माणूस होता. सिग्नल दिसला की तो शिट्टी खिशात टाकून "अहो, थांबा की, अहो निळी गाडी" असं ओरडू लागला. आठवड्याभरात त्याचा घसा बसला.

पंधरा तारीख उजाडली. खिडक्या बंद होत्या. रंगारी मुद्दाम बाहेरगावी गेला होता. शिट्टी कपाटात आणि कपाटाची किल्ली काकूंच्या कमरेला. बरोबर दहाला मालकीणबाई आल्या. आदल्याच दिवशी घासलेला जिना जपून चढल्यामुळे त्यांना नेहमीपेक्षा जास्त धाप लागली होती. त्या खुर्चीत टेकल्या, घड्याळाकडे पाहिलं आणि श्वास सोडला.

त्यांच्या नाकातून बारीक, सरळ, लांब शिट्टी निघाली.

सिग्नलने कान टवकारले. काकू मोठ्याने खोकल्या.

"सर्दी आहे का?" मालकीणबाईंनी विचारलं आणि पुन्हा श्वास सोडला. पुन्हा तीच शिट्टी, आधीपेक्षा स्पष्ट.

सिग्नल उठला. खोलीत शिट्टी कोण वाजवतंय हे त्याने चारी बाजूंना पाहून नक्की केलं, सरळ मालकीणबाईंसमोर गेला, त्यांच्या तोंडाकडे बघत त्यांच्या डाव्या चपलेवर बसला आणि हुकूम पाळला. त्याच वेळी हवालदार खुर्चीतून ताडकन उठले, "आलोच जरा," असं पुटपुटले आणि संडासाकडे जवळजवळ पळाले.

काकूंनी जाणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं, बसलेल्या कुत्र्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या मनात काहीतरी जुळलं. पण बोलायची ती वेळ नव्हती.

"तीन मिनिटं," घड्याळ बघत मालकीणबाई म्हणाल्या. "मी अर्धा तास दिला होता." चप्पल तिथेच ठेवून त्या अनवाणी दाराकडे निघाल्या. "आज संध्याकाळपर्यंत."

संध्याकाळपर्यंत वेगळंच झालं. सिग्नलची टोपली खाली न्यायला म्हणून हवालदार वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून विचारलं, "जड उचलता का काही?"

"कुत्रं," काकू म्हणाल्या. "दिवसातून आठ वेळा."

हर्निया निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. सिग्नलला शिंपिणीने सांभाळलं आणि मालकीणबाईंनी, माणूस दवाखान्यात आहे म्हणून, दोन दिवसांची सवलत दिली. ऑपरेशन चांगलं झालं. फक्त त्यानंतर हवालदारांना लघवी होईना. दुपार झाली, चार वाजले. पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं.

"पाचपर्यंत वाट बघते," नर्स म्हणाली. "नाही झाली तर नळी घालावी लागेल."

नळी म्हटल्यावर हवालदारांचा चेहरा उतरला. काकूंनी पिशवीत हात घातला. त्यांनी येतानाच शिट्टी आणली होती. तोंडाला लावणार तोच नर्सने ती काढून घेतली. "काकू, पलीकडे हृदयाचे पेशंट आहेत. घरी जाऊन खेळा."

"खेळायला नाही, बाई. यांना सवय लागलीय."

"कसली?"

काकूंनी सांगितलं. नर्सने ऐकून घेतलं, शिट्टी आपल्या खिशात टाकली आणि नळी आणायला निघाली.

पावणेपाचला मालकीणबाई आल्या. दवाखान्याची लिफ्ट बंद होती आणि वॉर्ड चौथ्या मजल्यावर होता. "कसं आहे, एवढंच बघायला आले," त्या म्हणाल्या, "आणि उद्याची आठवण करून द्यायला." त्या पलंगाशेजारच्या स्टुलावर धपकन बसल्या आणि चार मजल्यांचा श्वास एकदम सोडला.

शिट्टी अख्ख्या वॉर्डाने ऐकली. पलीकडचा हृदयाचा पेशंटही मान उचलून बघू लागला.

"भांडं," हवालदार म्हणाले. "लवकर."

काकूंनी भांडं दिलं आणि पडदा ओढला. मालकीणबाई पडद्याबाहेर धापा टाकत होत्या, पडद्याआड हवालदार एकेका शिट्टीला साथ देत होते. नळी घेऊन आलेली नर्स दारातच थांबली. तिने ती नळी मुकाट्याने मागे लपवली.

"हे काय चाललंय?" मालकीणबाईंनी विचारलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकूंनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. पुठ्ठा, उदाहरण, कुकर, चौक. "बाई, त्या दिवशी तो चुकला नाही. तुमच्या नाकातून शिट्टी आली, त्याला वाटलं हुकूम झाला. तुमच्याकडे बघून, तुम्हाला विचारून बसला तो."

मालकीणबाईंचा श्वास शांत झाला होता.

"म्हणजे त्याने माझं ऐकलं," त्या म्हणाल्या.

"पहिल्या नाही, पण दुसऱ्या शिट्टीला ऐकलं."

"आणि यांनीही?" त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"यांनीही."

मालकीणबाई उठल्या. दारापर्यंत जाऊन थांबल्या. "हवालदारांना आता वजन उचलायचं नाही ना? मग पहाटे पाचची खेप मी करीन. तसंही मला झोप नसते. कुत्रं खाली माझ्या दारात आणून सोडा."

दुसऱ्या दिवसापासून मालकीणबाई पहाटे सिग्नलला कोपऱ्यावर नेऊ लागल्या. पितळी शिट्टीची गरज पडली नाही. झाडापर्यंत चालत गेलं की त्यांचा श्वास आपोआप वाजायचा आणि सिग्नल त्यांच्या तोंडाकडे बघून बसायचा. काही दिवसांनी जिन्याला मेण लावायचं त्यांनीच बंद केलं, कारण त्यावर त्याचे पाय घसरत. कुकर मात्र पुढची कित्येक वर्षं माळ्यावरच राहिला. काकू म्हणत, तो कुत्र्यामुळे नाही.

लेकीची मोठी मुलगी शाळेत जाऊ लागली, त्या वर्षी हिवाळ्यात मालकीणबाई वारल्या. हवालदार त्यानंतर दोन वर्षांनी, मे महिन्यात गेले. सिग्नल त्याच वर्षी ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी, मालकीणबाईंच्या बंद दाराबाहेरच्या पायपुसण्यावर गेला. पायपुसणं कोरडं होतं.