फक्कीच्या रेषेने नेलेली घरे

"रेषेवरची माणसे जातात कोठे?" ऐसा सवाल, हिंमत असेल तर, भर दरबारी विचारावा, ऐसी पैज शाल्मली व हेमांगी या आमच्या परमसख्यांनी मधल्या सुट्टीत लाविली. श्रीगजानन लेखणीस यश देवो, आणि वाचणाऱ्याच्या घरावरून रेषा न जावो. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभव नाम संवत्सरी, राज्यात निवडणूक आली.

या राज्याची चाल ऐसी की, प्रत्येक निवडणुकीआधी मतदारसंघ नव्याने आखावे, आणि ते भुईवर पांढऱ्या फक्कीने आखावे, आणि सरकारपक्षाची मते जेथे जेथे, तेथे तेथे रेषेने वळसे घेत जावे, मग ती तळ्यातून जावो की कोणाच्या माजघरातून. आणि मतदान होईतो रेषेवरल्या घराने सडा घालू नये, केर काढू नये, हा रेषेचा मान. तो सर्वांनी राखिला. मागील खेपेस आमच्या गल्लीतल्या मथूताई पानवलकरांच्या घरातून रेषा गेली. त्या ना पूर्व संघात, ना पश्चिम संघात. मग त्यांची हाक शेजारी ऐकू येईना, मग त्या दिसेनात, आणि निकालानंतर लोक म्हणो लागले, तेथे घर नव्हतेच. परंतु त्या मोकळ्या जागी दोरीवर अजून धुणे वाळते, रोज निराळे.

तर आम्ही सरकारदरबारी उभ्या राहिलो आणि खणखणीत विचारिले. रेषा आखणारे प्रमुख मंद हसले. त्यांच्या मिशीस फक्की लागली होती. म्हणाले, "हुशार आहेस हो पोरी. घर कुठं तुझं?" आणि आम्ही पत्ता सांगितला! गल्लीसकट!

"अगं बावळट, पत्ता कशाला दिलास?" शाल्मली बाहेर येऊन किंचाळली.

सकाळी पाहतो तो रेषा आमच्या अंगणातून उंबरा चढून स्वयंपाकघरात गेलेली, आणि नेमकी ओट्यापाशी, जेथे आईसाहेब दिवसभर उभ्या असतात. त्यांनी केरसुणी उचलली, तो आप्पासाहेब म्हणाले, "राहू दे. रेषेचा मान असतो. मतदानापर्यंतच तर आहे."

मग आईसाहेबांचा आवाज रोज थोडा थोडा उणा होत गेला. आणि आज दुपारी आप्पासाहेब पेपरातून डोके काढून म्हणाले, "जेवायला हाक नाही मारली का गं तुझ्या आईनं?" आईसाहेब त्यांच्या समोरच उभ्या होत्या, हाती डाव, ओठ हलत होते. मग त्या आमच्याकडे पाहून हसल्या, आणि त्यांच्या पाठीमागला मसाल्याचा डबा आम्हांस त्यांच्यातून दिसला. आम्ही खिडकीशी धावलो. मथूताईंच्या दोरीवर आईसाहेबांचे हिरवे पातळ वाळत होते.

येणेप्रमाणे मजकूर. ज्यांनी ज्यांनी मान राखिला, त्यांची त्यांची घरे गेली. पत्ता आम्ही दिला, सबब निस्तरणेही आम्हांसच. बादली काठोकाठ भरली, आणि उभयतां मातापित्यांस मोठ्याने जाहीर केले:

"आई, आप्पा, पाय वर घ्या. मी आत्ता सगळं घर पुसणार आहे, आणि मग दारात सडा घालणार आहे."