परतीची गाडी

कांबळेमामा चहाच्या टपरीतसुद्धा "पुढं सरका, मधी जागा हाय" असं ओरडत शिरायचे. एसटीत कंडक्टर म्हणून उभं आयुष्य गेलेलं. निवृत्तीनंतर घंटीची दोरी हातातून सुटली, सवय काही सुटली नाही.

रत्नागिरीत आमचा एक वर्ग होता. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसांना स्वयंपाक, बाजार, प्रवास असं रोजचं जगणं आम्ही शिकवायचो. स्वयंपाक माझ्याकडे, प्रवास मामांकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गातल्या खुर्च्यांची एसटी केली आणि मलाही एका खुर्चीत बसवलं. मी इथली शिक्षिका आहे म्हटलं, तर म्हणाले, "असाल. पास दाखवा."

गाडी रोज एकच. रत्नागिरीहून कुवारबाव, हातखंबा, पाली. मामा डब्यावर चमच्यानं डबल बेल मारायचे आणि तिशी-चाळिशीची माणसं गंभीर चेहऱ्यानं प्रवास करायची. "पाली! उतरा, घाय नको!" झालं की वर्ग सुटला. ते दिवस आठवले की अजून एकटीच हसते मी, आणि मग जीव हुरहुरतो.

शैला चौतीस वर्षांची. तिच्या आईचा एकच ध्यास, "मी हाय तवर हिला एकटीला पालीला जाता आलं पायजे. माझ्यामागं हिला पालीची मावशीच."

एका शनिवारी शैला खरोखरच एकटी पालीला पोचली. आम्ही पेढे वाटले. संध्याकाळी मावशी तिला स्टँडवर सोडून गेली आणि रत्नागिरीच्या तीन गाड्या सुटल्या, तरी शैला बाकावरच. गळ्यातल्या कार्डावरचा नंबर बघून कुणीतरी फोन केला, तेव्हा मी आणि मामा धावलो.

"गाडीत का नाय बसलीस गो?"

"ती गाडी तुमी शिकवलीच नाय."

खरंच की! मामांची गाडी नुसती जायची, परत कधी यायचीच नाही. येताना मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "परत आलं की घरी जावं लागतं, बाई. बायको गेल्यापासून घरी कोण हाय?"



सोमवारी मामांनी खुर्च्या उलट्या फिरवल्या. पाली ते रत्नागिरी. जो तो आपला थांबा सांगून उतरला. शेवटी शैला राहिली.

"मामा, तुमी कुठं उतरणार?"

जन्मभर लोकांना हाच प्रश्न विचारलेला माणूस हातातला चमचा उगाच फिरवत राहिला.

"मग आमच्याकडं उतरा," शैला म्हणाली. "आई जेवायला वाढंल."

मामांनी खुर्च्या तशाच टाकल्या आणि तिच्यामागून निघाले.