हिलालआप्पांच्या गाडीची परीक्षा

आमच्या सुरतेतल्या भेस्तानच्या सोसायटीत हिलालआप्पांच्या गाडीजवळ उभं राहून ‘आरटीओ’ म्हणायचं नाही. ‘भंगार’ तर नाहीच नाही. कुणी चुकून बोललंच, तर आप्पा धावत येतात, बॉनेटवर टॉवेल टाकतात आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतात, “हयू बोल ना, बो! तिले ऐकू येस!”

हयू म्हणजे हळू. आप्पा मूळचे अमळनेरकडचे, त्यामुळे घरीदारी अहिराणीच. सगळं आयुष्य पॉवरलूमवर गेलं, आणि लूमवाल्यांना हळू बोलताच येत नाही. आमच्या गल्लीत तर ‘मीठ आहे का?’ हेसुद्धा भांडण झाल्यासारखं विचारतात.

गाडी छोटीशी, एके काळी लाल. आता उन्हानं अशी झालीय की रंग विचारला तर आपण जरा थांबतो. तिला पंधरा वर्षं पूर्ण झाली, म्हणजे आता साहेबांना दाखवायची. पास झाली तर पुन्हा रस्त्यावर. नापास झाली तर... (टॉवेल!)

मोबाइलवरून तारीख मी काढून दिली, आणि तिथून आप्पांची भीती सुरू झाली. सिरियसली सांगते, माझ्या बारावीच्या रिझल्टला मी एवढी घाबरले नव्हते. स्पीडब्रेकर आला की सगळ्यांना खाली उतरवायचे, गाडी एकटी पलीकडे न्यायचे आणि पुन्हा बसवायचे. गाडीच्या पोटाला धक्का नको म्हणून! आमच्या शेजारच्या जाड्या मावशींना तर त्यांनी तोंडावर सांगितलं, “परीक्षा होईपर्यंत तुम्ही रिक्षानं जा.” मावशी अजून बोलत नाहीत.

रोज संध्याकाळी रंगीत तालीम. मी साहेब. हातात लाटणं धरून, भुवया चढवून मी म्हणायचं, “इंडिकेटर!” की एक जण पुढे, एक जण मागे उभा राहून ‘लागला!’ म्हणून ओरडणार. ब्रेक लाइटला वेगळा माणूस. वायपरला पाण्याची बाटली घेऊन आप्पांचा भाचा. फक्त हॉर्नला कुणी नाही.

“हॉर्नला पण एक माणूस ठेवू या का, आप्पा?” मी ओरडून विचारलं होतं.

“त्याले मानूस कसाले? माले कान नहीत का?”

आणि ते स्टेअरिंगवर असा काही पंजा दाबायचे की बस! पलीकडे लूमचा खडखडाट, इकडे गल्लीचा आरडाओरडा, त्यात हॉर्नकडे कोण लक्ष देतं? शिवाय हॉर्नच्या आधी खिडकीतून आप्पांचंच ‘सरकाऽऽ’ यायचं. माणसं काय, म्हशीसुद्धा सरकायच्या.

एकदा मी म्हटलं, “आप्पा, एवढं टेन्शन कशाला? नापास झाली तर झाली. रिक्षा आहेत, बस आहेत.”

आप्पा माझ्याकडे असे बघत राहिले की मीच घाबरले. म्हणाले, “काम सुटनं. आता कोनी पोट दुखनं, कोनी स्टेशनवर जावानं, तं आप्पाले बोलावतस. गाडी गई तं माले कोन बोलाई?”

गाडी गेली तर मला कोण बोलावणार. तिथून मलाही भीती वाटायला लागली.

परीक्षेच्या दिवशी चाकाखाली लिंबं ठेवून आम्ही निघालो. आप्पा, मी आणि डॅशबोर्डवरचा गणपती. तिघंही घामाघूम. मैदानात जुन्या गाड्यांची रांग. पुढची एक व्हॅन धूर ओकत बाजूला काढली, तिचा मालक कपाळ धरून बसला. आप्पांनी माझा हात पकडला. बर्फ!

साहेब तरुण, काळा गॉगल, हसायचं नावच नाही. चेसिस नंबरवर बॅटरी मारली. दिवे बघितले. इंडिकेटर लागला, आणि सवयीनं मीच ‘लागला!’ म्हणून किंचाळले. साहेबांनी गॉगल खाली करून माझ्याकडे बघितलं. ब्रेक ठीक. वायपर ठीक. आप्पांच्या ओठांवर मारुतिस्तोत्र सुरू.

“काका, होर्न वगाडो.”

आप्पांनी नुसतंच बघितलं. मी स्टेअरिंगकडे बोट दाखवलं. त्यांनी पंजा दाबला.

काहीच नाही.

“वगाडो ने, काका!”

“दाबी राह्यनू ना!” आप्पांनी दोन्ही पंजे दाबले, अंगठ्यांची नखं पांढरी पडली. आणि माझ्याकडे वळून विजयानं हसले. “वाजना ना?”

काय सांगू? साहेब माझ्याकडे बघतायत, आप्पा माझ्याकडे बघतायत. मी नुसती मान हलवली. नाही.

आप्पांचं हसू तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं.

साहेबांचं मन देव जाणे कसं वळलं. म्हणाले, “बहार करावी लावो. आजे ज पाछा आवजो.” म्हणजे बाहेरून करून आणा, आजच परत या. गेटबाहेर वायरिंगवाला बसला होता. त्यानं बॉनेट उघडून गंजलेली वायर काढून दाखवली. कधीची सडलेली होती! नवी जोडली आणि न सांगताच हॉर्न दाबला. मी इतकी दचकले की दोन्ही कानांवर हात गेले.

आप्पा माझ्या शेजारीच उभे होते. हलले नाहीत. त्यांनी माझ्या कानांवरचे हात बघितले, मग हॉर्नकडे बघितलं. मग हळूच बाजूला जाऊन उगाच टायर तपासायला लागले.

गाडी पास झाली! मी तिथंच उड्या मारल्या, घरी फोन केला. परतीच्या वाटेवर स्पीडब्रेकर आले, आप्पांनी मला उतरवलंसुद्धा नाही. उधन्याच्या सिग्नलला त्यांनी गाडी थांबवली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, “खरं सांग, पोरी. तुनी माई घरमा मनासंगे बोलस का?”

माई म्हणजे त्यांची बायको. मी रोज त्यांच्याकडे जाते ना, मला माहीत आहे. माई बारीक आवाजात दिवसभर बोलत असते, आप्पांच्या पाठीमागून. चहा ठेवू का, पाय दुखतो का, भाचा आला का. मी मान डोलावली. खूप वेळ.

“माले वाटे ती रुसनी,” आप्पा म्हणाले. “काम सुटनं तवयपासून.”

मागून गाड्या कोकलायला लागल्या. मीच समोर बोट दाखवलं, हिरवा झालाय. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “लूमवर कोन कोनाचं ऐकस? समोरच्याचं तोंड देखनं पडस. घरमा मी कधी देखंच नही.”

सोसायटीत पोरांनी गाडीला गराडा घातला. आप्पा त्यांच्यातून वाट काढत सरळ घरात गेले. मी मागोमाग दारापर्यंत. माई खाली बसून मेथी निवडत होती. रोज आप्पा तिला ओलांडून टीव्हीपुढे जातात. आज गुडघे कुरकुरत तिच्या अगदी समोर फरशीवर बसले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

माई खाली बघूनच, उत्तराची वाट न बघता, पुटपुटली, “आयकतस का? काय झायं गाडीनं?”

“पास व्हयनी,” आप्पा म्हणाले.

माईचा हात मेथीतच थांबला. तिनं मान वर केली.