तुतीची कॉलर

मी फक्त पट्टा सैल करायला गेलो होतो. झाड आडवं करायला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

आयुष्यभर शिवणकाम केलं. शाळा चौथीत सुटली आणि टेप गळ्यात पडली. त्यामुळे कुणाची कॉलर गळ्याशी आवळलेली दिसली की माझाच जीव गुदमरतो. (अनोळखी माणसाचंही वरचं बटण काढावंसं वाटतं. एकदा काढलंही होतं. ते राहू दे.)

घरापुढची बाग मुलाने डिझायनरकडून करून घेतली आहे. गालिच्यासारखी हिरवळ, एका मापाचे गोल दगड, गुडघ्याएवढे दिवे. विचारल्याशिवाय पानसुद्धा गळत नाही. त्यात तुतीचं झाड तेवढं सुनेचं. तिच्या वडिलांच्या अंगणात तुती होती. वडील गेले, घर विकलं, तेव्हा त्या तुतीची एक फांदी तिने डब्यात लावून मांडीवर घेऊन आणली. डिझायनर म्हणाला, "हे डिझाइनमध्ये बसत नाही." सून म्हणाली, "मग डिझाइन सरकवा."

तुती आता माझ्या डोक्यावर गेली होती. शेजारी काठी, आणि काठीला पट्ट्याने बांधलेलं खोड. मुलगा आणि सून आठवडाभर कामासाठी परगावी निघाली तेव्हा सून म्हणाली, "बाबा, बाकी बाग वाळली तरी चालेल. तुतीकडे तेवढं बघा."

बघितलं. तिथेच चुकलं.

पट्टा सालीत रुतला होता. सैल होईना, म्हणून कात्री आणली. पट्टा निघाला, झाडाने मोकळा श्वास घेतला (असं मला वाटलं), आणि काठी बिनकामाची झाली. काठी मोठी छान होती हो. आमच्या स्वयंपाकघरातलं स्टूल कधीपासून डुगडुगत होतं. मी ती कापून स्टुलाला नवा पाय केला.

बायको स्टुलावर चढली आणि म्हणाली, "अगं बाई, हलत नाही की!"

मी ऐटीत खिडकीबाहेर पाहिलं. स्टूल हलत नव्हतं, पण तुती घराकडे कलली होती. जणू आमचं बोलणं ऐकत होती.

"वारा आहे," मी म्हणालो.

"कुठला वारा? पडदासुद्धा हलत नाहीये."

नेमका तेव्हाच सुनेचा व्हिडिओ कॉल.

"बाबा, तुती दाखवा ना."

मी बाहेर गेलो आणि मोबाइल हळूच तिरका धरला. तुती सोळा आणे सरळ दिसायला लागली! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटतोय, तोच "मलाही बोलू दे" म्हणत बायको झाडाशेजारी येऊन उभी राहिली.

"अहो बाबा, आई अशा वाकड्या का उभ्या आहेत?"

"कंबर," माझ्या तोंडून निघून गेलं. "कंबर धरलीये तिची."

"एवढी? आई, डॉक्टरांना दाखवलंत का?"

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मला चौथीचे गुरुजी आठवले. पण बिचारीने कमरेवर हात ठेवला आणि कण्हली. संसार म्हणतात तो हाच.

फोन बंद झाल्यावर ती म्हणाली, "धडधाकट बाईला वाकडी केलीत. आता त्या झाडाला सरळ करा."

काठी परत येणार नव्हती. दोरी बांधली तर पुन्हा रुतणार. धरून ठेवेल पण गळा दाबणार नाही अशी एकच वस्तू मला ठाऊक होती, इलॅस्टिक. घरात रीळ नव्हतं, पण माझ्या तीन पायजम्यांत चांगलं रुंद इलॅस्टिक होतं. तिन्ही काढली, जोडली, खोडाला मऊ कापड गुंडाळून वर बांधली. दुसरं टोक बांधायला त्या आखीव बागेत फाटकाशिवाय काही उभंच नव्हतं. माझा पायजमा सेफ्टी पिनेवर आला.

फाटक बंद असलं की तुती ताठ. पण आमचं फाटक रस्त्याकडे उघडतं. सकाळी दूधवाल्याने ते ओढलं आणि तुतीने त्याला वाकून मुजरा केला. तो दचकून आत शिरला, फाटक सुटलं, आणि सरळ होता होता तुतीने त्याची टोपी उडवली.

"आजोबा, झाड बांधून ठेवा हो!"

"बांधलेलंच आहे," मी म्हणालो.

तेव्हापासून मी त्या मजबूत स्टुलावर, फाटकाजवळ. एक हात पिनेवर. कुणी आलं की मी ओरडायचो, "हळू! सोडू नका!" लोक पत्रं फाटकावरूनच टाकायला लागले. मला मात्र एकच दिसायचं, मांडीवर डबा घेऊन आलेली ती पोर. बाप गेल्यावर मागे उरलं ते एवढंच, आणि तेही मी मोडलं तर? कुणी बघत नाहीसं पाहून मी तुतीला म्हणायचो, "बाई गं, ती येईपर्यंत दम धर."

ती आठवडा संपायच्या आतच आली. टॅक्सी थांबली, मुलगा पैसे द्यायला मागे राहिला, आणि मी उठेपर्यंत तिने फाटक ओढलंसुद्धा. तुती वाकली आणि तिच्या खांद्यावर येऊन टेकली.

"सोडू नकोस!" मी ओरडलो.

एका हातात फाटक, दुसऱ्या हातात फांदी. "बाबा, हे काय?"

मी सगळं सांगून टाकलं. पट्टा, स्टूल, मोबाइल, पायजमे. तिने फाटक हळूच मिटलं. सालीवरच्या खोल वळावरून बोट फिरवत राहिली.

"मीच आवळलं होतं," ती म्हणाली. "पडेल पडेल अशी भीती वाटायची." मग तिने वर पाहिलं. शेंड्याला कोवळी पानं फुटली होती. "जिवंत आहे की हो, बाबा."

माझा जीव भांड्यात पडला.

"आणि आईंची कंबर?"

"ठणठणीत आहे," दारातून बायको म्हणाली. "यांच्या मोबाइलमध्ये दुखत होती."

"अहो, मी त्यासाठी रजा टाकून आले! कमरेचा पट्टा आणलाय आईंना!"

मी आनंदाने तिची बॅग घ्यायला दोन्ही हात पुढे केले. दोन्ही. पिनेने तोच मुहूर्त साधला. (सदरा मी स्वतः शिवलेला, लांब. अब्रू त्याने राखली.) मुलगा टॅक्सीवाल्याशी भलतंच बोलायला लागला. सुनेने तोंड फिरवून पट्टा सासूच्या हातात दिला.

"आई, वाया नाही जायचा. आधी बाबांना बांधा."

बायकोने बांधला. फारच आवळला.

"अगं, जरा सैल कर," मी म्हणालो.

"नको," ती म्हणाली. "सैल केलं की काय होतं, ते बघितलंय."