कोंडीभाऊंचा फळा

आमच्या देवळाली प्रवरात एका माणसाचं पोट बिघडलं की सगळ्या पेठेला कळायचं. तो माणूस म्हणजे गिरणीवाले कोंडीभाऊ. दुसऱ्या कुणी चहाडी करायची गरजच नव्हती, ते स्वतःच गिरणीबाहेरच्या फळ्यावर लिहायचे, 'काल वांगं बाधलं. ज्याला त्याला आपल्या पोटाची काळजी.'

खरं तर फळा आणला होता गिरणीच्या कामासाठी. लाईट कधी जाणार, दळण कधी मिळणार, एवढंच लिहायचं. पण एकदा 'लाईट न्हाई' याच्याखाली जागा उरली आणि ती रिकामी जागा काही भाऊंना बघवेना. त्यांनी लिहिलं, 'मलाबी आज बरं वाटत न्हाई.' कुणीतरी खाली खडूनं विचारलं, 'काय होतंय?' झालं! तिथून भाऊ जे सुटले, ते सुटलेच.

शेळी व्याली, मेहुणा न जेवता गेला, नवी चप्पल चावली, सगळं फळ्यावर. पेठेत तेव्हा नुकतंच एसटीडी बूथ आलं होतं, पण बातमी फिरायची ती फळ्यावरूनच. चौथीनंतर माझं वाचन सुटलं होतं. ते पुन्हा सुरू झालं ते दळणाचा डबा डोक्यावर घेऊन, अक्षराला अक्षर जोडत.

फळ्याचे कायदे होते. पटलं तर खाली बरोबरची खूण करायची. पटलं नाही तर लिहायचं, पण खाली नाव टाकायचं. संध्याकाळी भाऊ दाराला कुलूप लावून त्या खुणांपुढे उभे राहायचे. खुणा कमी असल्या की घरी जेवण कमी जायचं, असं हौसावहिनी म्हणायच्या. वहिनी म्हणजे त्यांची बायको. आपल्या आमटीत मीठ जास्त पडल्याचं त्यांनाही पेठेतल्याच बायकांकडून कळायचं.

भाऊंना काहीही विचारा, ते पिठानं पांढरा झालेला हात फळ्याकडे करायचे. "लिवलंय की!"

"अवो भाऊ, माझा डबा कुठाय?"

"लिवलंय की!"

हे सगळं बुडालं महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी गिरणीत फक्त उपवासाचं दळायचं, भगर, साबुदाणा, राजगिरा. दगड झाडूनपुसून घ्यायचे आणि गहू-बाजरी दुसऱ्या दिवसावर टाकायची, अशी रीत. तशी सूचना भाऊ दर वर्षी फळ्यावर लिहायचे. पण त्या सकाळी त्यांनी दाढ काढून आणली होती. दाढेची गोष्ट डॉक्टरच्या पायरीपासून सुरू झाली आणि दाढ निघायच्या आतच फळा संपला. सूचनेला जागाच उरली नाही. बायका नेहमीसारख्या बाजरी घेऊन आल्या. भाऊ दाढेच्या पुढच्या भागाचा विचार करत होते. त्यांनी आधी बाजरी ओतली आणि त्याच दगडावर भगर.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबे घेऊन बायका गिरणीवर आल्या.

"आमच्या सासूबाईंनी तीन थालीपिठं खाल्ली, मंग म्हन्त्यात, ह्यात बाजरी हाय!"

"तीन खाईस्तवर कळलं न्हाई व्हय त्यास्नी?"

"कळलं असंल, पन भूक लागल्ती ना!"

हसू आलं तरी राग राहिलाच. भाऊ सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहिले. सवयीनं त्यांनी हात फळ्याकडे केला, आणि तिथं नुसती दाढ होती. हौसावहिनी ओलं पोतेरं घेऊन आल्या आणि फळा वरपासून खालपर्यंत पुसून टाकला. "आता लिवून दावाच!"

मग फळ्यावर दोनच शब्द उरले, 'गिरनी चालू'. उन्हाळा आला तरी तेच दोन. उपवास मोडल्याचा राग विसरून लोक फळ्यापुढे थांबायचे, रिकामा बघून पुढे जायचे. मला सुद्धा दळण नसताना तिकडून जायची सवय लागली होती.

एकदा नळावर वहिनी भेटल्या. मी सहसा स्वतःहून बोलत नाही. त्याच म्हणाल्या, "म्या फळा पुसला न् माझंच चुकलं बाई. उभा जल्म गिरनीच्या पट्ट्याच्या खडखडाटात गेला, कानात काय उरलंच न्हाई त्यांच्या. कुनाला सांगत न्हाईत. गिऱ्हाईक दोनच शब्द बोलतंय, बारीक नायतर जाड, ते बी बोटांनी. त्या फळ्यावर मान्सं बोलायची, ती ह्यांना समदी ऐकू यायची. आता मी लिवा म्हन्ते, तर पाठ फिरवून निजत्यात."

घागर भरून वाहायला लागली तरी माझं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी गव्हाचा डबा घेऊन गेले. लाईट नव्हती. भाऊ एकटेच पोत्यावर बसले होते. त्यांनी मला बघून दोन बोटं जवळ आणली, बारीक का, म्हणून. मी मानेनंच नाही म्हटलं. घराबाहेर मी कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. फळीवरचा खडू घेतला आणि 'गिरनी चालू'च्या खाली लिहिलं, 'भाऊ बरे आहात का.' खाली नावही टाकलं, कायदा होता म्हणून.

भाऊ उठले. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे न बघता लिहायला लागले. 'ताई, बरा हाय म्हनायचं, पन तसं न्हाई. बसा, सांगतो.' सांगत सांगत ते फळ्याच्या तळाला आले, पुढे चौकटीवर, मग भिंतीवर.

मधेच लाईट आली. दारात आलेल्या दोघी ओरडल्या, "भाऊ, गिरनी लावा की!" भाऊंची पाठ हलली नाही. मी त्यांना बोटानं भिंत दाखवली. त्याही डबे खाली ठेवून वाचायला लागल्या.

भिंतीवर दाराच्या कडेपर्यंत आल्यावर भाऊ थांबले. हातातला खडू त्यांनी मधोमध मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला.