कोरडे कोपरे

"डेरेक, फ्रिजच्या मागे बघितलंस?"

"बघितलं."

"वाकून, की उभ्या उभ्या?"

"गुडघे टेकून, ग्लेनिस. चर्चमध्येसुद्धा इतका वेळ टेकले नव्हते कधी."

ग्लेनिस सटक्लिफने तरीही स्वतः वाकून खात्री करून घेतली. फ्रिजमागचा कोपरा कोरडा. जिन्याखालचा कोरडा. कपडे धुण्याच्या मशीनशेजारचा, जिथे सकाळी अनवाणी गेलं की पाय नेमका पडायचा, तोसुद्धा कोरडा, आणि वर व्हिनेगरचा झणझणीत वास. इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या चढावरचं ते अरुंद दगडी घर आज असं लख्ख होतं की फरशीवर लोणी फासून पाव खावा.

ओल्डरॉइड बाई यायच्या होत्या. लोकांनी टाकून दिलेल्या फेरेट नावाच्या लांबट, केसाळ पाळीव जनावरांसाठी त्या गावाबाहेर आसरा चालवायच्या. तिथली रीत ठरलेली होती. जनावर महिनाभर तुमच्या घरी राहायचं, मग बाई येऊन घर बघायच्या. पसंत पडलं तर जनावर तुमचं. नाही पडलं तर आल्या पावली त्याला घेऊन परत. तिथे रदबदली चालत नसे. पलीकडच्या गल्लीतल्या रॉली थॉर्पचा फेरेट त्यांनी उचलून नेला, तेव्हा रॉली गाडीमागे पायांतल्या सपातांनिशी धावला होता.

सटक्लिफांकडे दोन होते. बिशप पांढराशुभ्र, ढेरपोट्या, चेहऱ्याने गंभीर. टॉफी तपकिरी, चिमुकल्या तोंडाची, अंगाने मुंगसाची चुलत बहीण शोभावी अशी. बसडेपोतून निवृत्त झाल्यापासून डेरेक खिडकीत बसून ओल्या रस्त्याकडे बघत राहायचा. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, बसलोय." हे दोघे आले आणि खिडकीतली खुर्ची रिकामी राहू लागली. मागच्या खोलीतून हसण्याचा आवाज येऊ लागला. भांडी घासता घासता ग्लेनिसने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा नळ बंद करून ती क्षणभर तशीच उभी राहिली होती. पण हे ती कुणाला सांगायला गेली नाही. सांगायची ती फक्त कोपऱ्यांबद्दल.

कारण फेरेट हे कोपऱ्याचं जनावर. कोपरा दिसला की पाठ फिरवायची. शेपूट वर. एक पाऊल मागे, आणखी एक मागे, भिंत ढुंगणाला लागेतो मागे. मग डोळे अर्धे मिटून क्षणभर समाधी, आणि पुढच्या क्षणी जणू आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने निघून जायचं. डेरेकने कागदी भुशाचे ट्रे मांडले, तर त्यांनी ट्रेला लागून असलेला कोपरा धरला. त्याने ट्रे त्या कोपऱ्यात सरकवला, तर त्यांनी समोरचा धरला. मग डेरेकने लालूच दाखवली. ट्रेमध्ये शी केली की सॅमन माशाच्या तेलाचा एक थेंब. बिशप दोन दिवसांत तयार झाला. ट्रेमध्ये जायचं, बसल्यासारखं करायचं, उठायचं, तेल चाटायचं आणि मग सोफ्यामागे जाऊन खरं काम उरकायचं.

"महिनाभर तू त्याला शिकवतोयस, की तो तुला?" ग्लेनिस विचारायची.

आजचा बेत मात्र तिचाच होता. काल संध्याकाळपासून दोघांना पिंजऱ्यात कोंडायचं, घर घासून काढायचं आणि बाई येईपर्यंत पिंजऱ्याला हात लावायचा नाही.

"मला त्यांचं काही पडलेलं नाही हं," ती हातमोजे काढत म्हणाली. "तू परत त्या खिडकीत जाऊन बसशील, ते मला नकोय. बास."

मागच्या दारावर टकटक झाली. ओल्डरॉइड बाई उंच होत्या, अंगात खाकी कोट, हातांवर जनावरं चावल्याचे जुने पांढरे वण.

"या, या. चहा टाकते," ग्लेनिस म्हणाली.

"आधी घर."

डेरेकने ग्लेनिसकडे बघितलं. त्या गावात आल्या आल्या चहा नको म्हणणारा माणूस एक तर पोलिसांतला असायचा, नाही तर वाईट बातमी घेऊन आलेला डॉक्टर.

बाईंनी बॅटरी काढली. सोफ्यामागे गेल्या. जिन्याखाली चक्क पोटावर आडव्या झाल्या. फ्रिजच्या मागे मान घालून त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि त्यांना शिंक आली.

"व्हिनेगर," त्या म्हणाल्या.

"स्वच्छता आमच्याकडे पहिल्यापासूनच," डेरेक म्हणाला.

"एकही डाग नाही."

"एकही नाही!" त्याची छाती हातभर फुगली.

"एकाही कोपऱ्यात नाही."

"शोधून सापडायचा नाही, बाई!"

प्रत्येक कोपऱ्यागणिक बाईंचा चेहरा आवळत चालला होता, आणि हे ग्लेनिसला दिसत होतं. डेरेकला दिसत नव्हतं. तो पुढे पुढे चालत कोपरे दाखवत होता.

शेवटी त्या पिंजऱ्याशी आल्या. आतला ट्रे काठोकाठ भरला होता. त्यांनी कडी काढली मात्र, दोघे बाणासारखे सुटले. पाठीची कमान करून तिरप्या उड्या, टेबलाच्या पायावर धडक, पुन्हा उडी, तोंडाने डूक-डूक-डूक असा अखंड घोष. बिशपने चुलीशेजारचा कोळशाचा डबा पाडला आणि त्याच्याभोवती नाच केला.

"बघा, किती खूश आहेत!" डेरेक म्हणाला.

"मिस्टर सटक्लिफ, हे दिवसातून किती वेळ बाहेर असतात?"

"दिवसभर. मोकळेच असतात की."

"अच्छा." बाईंनी बॅटरी विझवली. "पिंजऱ्यातला ट्रे भरलेला. घर कोरडं ठणठणीत. आणि दार उघडल्यावर हा असा नाच. तुरुंगातून सुटल्यावर माणूस नाचेल तसा. माझ्या स्वतःच्या घरी कपाटामागे कायम वर्तमानपत्र अंथरलेलं असतं, कळलं? जिथे फेरेट मोकळा फिरतो, त्या घरात कोरडा कोपरा नसतो. तुम्ही त्यांना कोंडून ठेवता."

"अहो, फक्त कालपासून!" ग्लेनिस म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून!"

"सगळे असंच सांगतात."

"बाई, हे घाण करतात हो! घरभर करतात!" डेरेकचा आवाज चिरकला. मघाशी शोधून सापडायचा नाही म्हणणारा तो आता दोन्ही हातांनी भिंती दाखवत होता. "त्या तिथे! त्या टीव्हीमागे! माझ्या सपातेत केलंय!"

"कुठाय सपात?"

"टाकून दिली."

"सोयीचं झालं."

"थांबा तुम्ही," ग्लेनिस म्हणाली. "थोडा वेळ थांबा. आत्ता करतील. तुमच्या डोळ्यांदेखत करतील."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग डेरेककडे, आणि स्टूल ओढून त्या बसल्या. ग्लेनिसने घाईघाईने अंडं फेटून बशीत ओतलं. डेरेकने पिंजऱ्यातला ट्रे रिकामा करून नवा भुसा घातला. दोघा फेरेटांनी बशी चाटून साफ केली. मग तिन्ही माणसं दोन शेपट्यांकडे बघू लागली.

बिशप निघाला. फ्रिजच्या कोपऱ्याशी आला. पाठ फिरवली. शेपूट वर गेलं. डेरेकने ग्लेनिसचा दंड घट्ट धरला. एक पाऊल मागे. आणखी एक. मग नाकाला व्हिनेगर लागलं, बिशपला जोराची शिंक आली, त्याने शेपूट खाली केलं आणि तो वळला. खोलीभर नजर फिरवून थेट ट्रेकडे गेला, आत बसला, उठला, आणि येऊन डेरेकच्या बोटांशी तोंड वर करून उभा राहिला.

"अरे मेल्या," ग्लेनिस कपाळाला हात लावून म्हणाली, "आजच तुला संस्कार आठवले?"

"ट्रेमध्ये बसला," बाई म्हणाल्या.

"नाटक आहे ते, बाई! आत बघा! काही नाही आत! तेलासाठी करतो तो!"

बाईंनी आत बघितलं. भुसा जसाच्या तसा होता. "बसतो, पण होत नाही. जनावर दडपणाखाली आहे. पोट आखडलंय बिचाऱ्याचं."

तेवढ्यात टॉफी डेरेकच्या स्वेटरच्या बाहीत शिरली, तिच्यामागे बिशप शिरला, आणि पोटात अंडं, अंगात थकवा, अशी दोघांना मेल्यासारखी गाढ झोप लागली. बाई उठल्या. त्यांनी आपला प्रवासाचा पिंजरा आणला. डेरेकने स्वेटर अंगातून काढला, झोपलेल्या दोघांसकट घडी घातल्यासारखा हलकेच आत ठेवला.

"राहू दे त्यांच्याबरोबर," तो म्हणाला. "टॉफीला त्या बाहीची सवय आहे."

तो नुसत्या सदऱ्यात उभा राहिला. मग त्याने खिडकीतल्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. बसला नाही, नुसता हात टेकला.

"माझी गाडी पुढच्या रस्त्यावर आहे," बाई म्हणाल्या. "पुढच्या दारानेच जाते."

पुढचं दार पुढच्या खोलीतून होतं. त्या गल्लीतल्या प्रत्येक घरात अशी एक खोली असे, घरातल्यांनी न वापरायची. सटक्लिफांच्या खोलीत सायीच्या रंगाचा गालिचा होता, काचेच्या कपाटात ग्लेनिसच्या आईच्या निळ्या बशा होत्या, आणि सोफ्याची उशी वर्षानुवर्षं एकाच कोनात उभी होती. ती खोली उघडायची नाताळात आणि मयताला. डेरेक तिथे मोजे घालून जायचा, तेही विचारून. फेरेटांनी तिचा उंबरा पाहिला नव्हता. बाई बूट न काढता गालिच्याच्या मधोमध पोहोचल्या, आणि ग्लेनिसला स्वतःचंच आश्चर्य वाटलं, कारण तिला बुटांचं काहीच वाटलं नाही.

"ठेवा खाली," ती म्हणाली.

"काय?"

"पिंजरा. इथेच. खाली ठेवा."

"ग्लेनिस," डेरेक दारातून म्हणाला, "अगं, गालिचा—"

"तू गप्प बस." तिने बाईंच्या हातातून पिंजरा जवळजवळ ओढूनच घेतला, गालिच्यावर टेकवला आणि त्याचं दार उघडलं. मग बाही धरून स्वेटर हलवला. "झोपेतून उठल्यावर हे पहिलं काय करतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि इथे व्हिनेगर नाही. इथे कधी काही सांडलेलंच नाही."

बाई थांबल्या.

स्वेटरची एक घडी हलली. गुलाबी नाक बाहेर आलं. बिशपने जांभई दिली, इतकी मोठी की सगळे दात दिसले, आणि तो गालिच्यावर उतरला. मऊ मऊ त्या सायीवर पावलं टाकत चालला. सोफा हुंगला. पडदा हुंगला. काचेच्या कपाटाशी थांबला. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक कोपरा होता, कोवळा, कोरा, कुणीच न पाहिलेला.

बिशपने पाठ फिरवली.

"हां," ग्लेनिस पुटपुटली. तिचे हात छातीशी घट्ट जुळले होते. "ये मागे. ये, ये माझ्या राजा. अजून थोडा. घाबरू नकोस, तुझीच खोली आहे."

शेपूट वर गेलं. एक पाऊल मागे. निळ्या बशा हलकेच किणकिणल्या. आणखी एक. भिंत लागली. बिशपने डोळे अर्धे मिटले.

डेरेकने पूर्ण मिटले. त्याने उघडले तेव्हा टॉफी समोरच्या कोपऱ्यात, पडद्याच्या झालरीखाली, तेच करत होती.

ओल्डरॉइड बाई गुडघ्यांवर बसल्या. बॅटरीच्या उजेडात त्यांनी दोन्ही कोपरे नीट पाहिले, सराफाने सोनं पारखावं तसे. मग त्या उठल्या, खाकी कोटाची बटणं एकेक करून काढली आणि सोफ्यावर बसल्या. उशी आडवी झाली.

"आता चहा चालेल," त्या म्हणाल्या. "दूध जरा सढळ हाताने."

डेरेक स्वयंपाकघराकडे पळाला आणि पळतच परत आला. त्याच्या एका हातात फडकं होतं, दुसऱ्या हातात व्हिनेगरची बाटली. तो कपाटाशी वाकणार तोच ग्लेनिसने त्याचं मनगट पकडलं.

"हात लावू नकोस," ती कानात म्हणाली. "बाई गाडीत बसेपर्यंत राहू दे तिथेच."